खोट काढायचा रविवार

ताई घरात आली ती बॅग खाली ठेवून थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिने खोल श्वास घेतला. आईला वाटलं, लांबून आलेल्या लेकीला घरचा वास भरून घ्यायचा असेल. वहिनीला मात्र बरोबर कळलं. ताई गॅस हुंगत होती.

"दमली असशील," आई म्हणाली. "हातपाय धू, चहा टाकते."

"तू बस, मी टाकते," ताई म्हणाली.

"मीच टाकते ना," वहिनीही त्याच दमात म्हणाली.

आईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. नणंद-भावजयीचं एवढं एकमत या घरात आजवर झालं नव्हतं. "एका चहाला तीन बायका? बसा मुकाट्याने," असं म्हणत तिने लायटर उचलला. बर्नर पेटेपर्यंत दोघी श्वास रोखून उभ्या होत्या. आईने तेही पाहिलं आणि पातेल्यात पाणी ओतलं.

नाताळच्या आधीचा रविवार म्हणजे या घरात खोट काढायचा रविवार. ही चाल बाबांची. बाबा तराजू दुरुस्त करायचे, दुकानादुकानांतून काटे तपासत फिरायचे. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात आईचा केक तळाला करपला आणि मधे कच्चा राहिला. बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि "छान झालाय" म्हणाले. मग आईने स्वतः एक घास खाल्ला आणि नवऱ्याशी अबोला धरला. केक फसला याचा राग नव्हता तिला. नवऱ्याने परक्यासारखं छान म्हटलं, ते तिला लागलं होतं.

त्यानंतर बाबांनी ठरवूनच टाकलं. नाताळच्या आधीच्या रविवारी लहान डब्यात चाखणीचा केक भाजायचा, घरातल्या प्रत्येकाने एकेक तुकडा खायचा आणि एकेक खोट सांगायची. त्या दिवशी 'छान' म्हणायला बंदी. "छान म्हणतो तो पाहुणा," बाबा म्हणायचे. "घरचा माणूस खोट काढतो. काटाच खोटं बोलायला लागला तर दुकान कशाला उघडायचं?" सांगितलेली प्रत्येक खोट दुरुस्त करून मग नाताळचा मोठा केक व्हायचा. बाबा गेले, तराजूंची हत्यारं माळ्यावर गेली, चाल मात्र टिकली.

वहिनी छापखान्यात मुद्रितं तपासायची. म्हणजे चुका काढायचाच पगार घ्यायची. नवी नवरी असताना पहिल्या वर्षी तीही भिडेखातर "छान" म्हणाली होती, तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, "असू दे, पाहुणी आहे अजून." दुसऱ्या वर्षापासून तिने जी सुरुवात केली ती केली. मनुका नीट भिजलेल्या नाहीत. संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग राहिलाय. दालचिनी जुनी आहे. दर वर्षी तिची खोट ऐकली की आई स्वतः एक तुकडा तोंडात टाकायची, डोळे मिटून चघळायची आणि म्हणायची, "मला तर नाही बाई तसं लागत." आणि मग शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "नावडतीचं मीठ अळणी!" खरं तर ही म्हण सुनेच्या कामाची, पण आईने ती स्वतःकडे ओढून घेतली होती. मोठ्या केकमध्ये मात्र ती खोट गुपचूप दुरुस्त झालेली असायची. वहिनीला ते कळायचं आणि ती त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं की नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक. निदान खोटेपणा नव्हता.

चहाचे कप घेऊन ताई, वहिनी आणि ताईचे दोघे भाऊ अशी चौघं बाहेरच्या खोलीत आली. शेंडेफळ स्टुलावर चढून खिडकीत कागदी तारा टांगत होता. शहरभर बस चालवणारा, केस पिकायला लागलेला हा माणूस या घरात अजून शेंडेफळच होता. आतून भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज येत होता.

"दार लोटून घे," ताई दादाला म्हणाली. दादाने लोटलं. लिफ्ट दुरुस्त करणारा दादा, कुठलंही दार आवाज न करता लावायचा. "आता मला नीट सांग. फोनवर तू अर्धवटच बोललास."

दादाने बायकोकडे पाहिलं. वहिनीने कप खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही ताईंना फोन केलात," ती हळूच म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, आपल्या दोघांत राहू दे म्हणून."

"अगं, तिची आई आहे ती. उद्या काही झालं तर?"

"वहिनी, तू सांग," ताई म्हणाली.

वहिनीने सांगितलं. मोजकंच सांगितलं. छापखान्यातून एके दिवशी ती लवकर घरी आली. जिन्यातच वास आला. आत संत्र्याच्या साली पाकात शिजायला ठेवलेल्या, पाक उतू जाऊन ज्योत विझलेली आणि गॅस तसाच चालू. आई शेजारी पाटावर बसून शांतपणे मनुकांची देठं काढत होती. वहिनीने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, फार कोंदट झालंय, वारा येऊ दे.

"आणि आई?"

"आई बटणाकडे बघत राहिल्या. मग पुन्हा मनुका निवडायला लागल्या."

शेंडेफळ स्टुलावरून खाली उतरला. "म्हणजे तिला काहीच वास येत नाही? काहीच?"

"मागच्या तापात गेला असणार," ताई म्हणाली. "वास गेला म्हणजे चवही गेली. फोनवर मी विचारायची, काय जेवलीस, तर पदार्थांची नावं सांगायची, कसं झालं होतं ते कधी सांगायची नाही. आई आणि जेवणाबद्दल गप्प? मला तेव्हाच शंका आली होती."

ताई एका मोठ्या इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होती. गॅस म्हटलं की बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे शेगडी येते, तिच्या डोळ्यांपुढे पलंग यायचे. पलंगांवरच्या बायका शुद्धीत आल्या की बहुधा एकच म्हणायच्या, "मला कळलंच नाही हो." दादाचा फोन आल्यापासून तिला धड झोप नव्हती. आणि अजून एक गोष्ट होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. कामावरून परतल्यावर दार उघडायला घरात कुणी असावं असं तिला फार वाटायला लागलं होतं.

"नाताळ झाला की मी तिला घेऊन जाते," ती म्हणाली. "माझ्याकडे डबा येतो. तिला शेगडीला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

"आईला? डब्यावर?" शेंडेफळ म्हणाला. "अगं, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जन्म काढलाय तिने. दोनशे माणसांचं सूप ती नुसत्या वासावर करायची."

"तो वासच गेलाय, तेच तर सांगतेय मी."

दादा बोटांनी कपाची कड फिरवत राहिला. "ताईचं बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "आम्ही दोघं दिवसभर बाहेर. जीव महत्त्वाचा."

"पण आज काही बोलायचं नाही," ताई म्हणाली. "सण हसतखेळत होऊ दे तिचा. या घरातला तिच्या हातचा शेवटचा केक असेल हा. जे काय होईल ते गोड मानून घ्या. सगळ्यांनी छान म्हणा."

"आज?" शेंडेफळ दचकला. "आज छान म्हणायचं? बाबा फोटोतून बाहेर येतील."

"एक दिवस नाही काढली खोट तर काय आभाळ कोसळणार आहे? वहिनी?"

वहिनी खिडकीतल्या ताऱ्याकडे बघत होती. तारा एका बाजूला कलला होता आणि तिला तो सरळ करायचा होता. "तुम्ही सगळे म्हणताय तर तसं," ती म्हणाली. म्हणतानाच तिला वाटलं, आपण चुकीच्या पानावर सही करतोय.

आत आईने ओव्हनमधून लहान डबा काढला. वरून रंग चांगला आला होता. सुई घालून पाहिली, कोरडी आली. बोटाने दाबलं, केक परत वर आला. डोळ्यांना जे कळतं आणि बोटांना जे कळतं ते सगळं तिने पाहून घेतलं. मग सवयीने डब्यावर वाकली. गालांना ऊब लागली. नाकात काहीच शिरलं नाही.

ताप उतरल्यावर पहिल्यांदा कॉफी प्यायली तेव्हा तिला वाटलं होतं, सुनेने नुसतं गरम पाणी दिलं. बोलणारच होती, पण समोर शेंडेफळ तीच कॉफी मिटक्या मारत पीत होता. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची. मीठ हाताच्या सवयीने, फोडणी कानाने, कांदा रंगावरून. जेवताना ती स्वतःच्या ताटात कमी आणि समोरच्यांच्या तोंडाकडे जास्त बघायची. पण रोजच्या जेवणात माणसं तोंडाने कुठे बोलतात? भूक असते, घाई असते. म्हणून ती या रविवारची वाट पाहत होती. आजचा एक दिवस असा होता की न विचारता सगळे खरं सांगणार होते. आज ऐकून घेतलं की तिला कळणार होतं, तिचे हात अजून कामाचे आहेत की नाहीत. एकदा कळलं की पुढचं पुढे, तिची तयारी होती.

"या रे!" तिने हाक मारली.

सगळे नेहमीसारखे ओट्याजवळ उभे राहिले, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत आणि शेवटी सून. आईने तुकडे कापले. बशी पुढे केली.

दादाने तुकडा तोंडात टाकला. त्याचा जबडा एकदा थांबला, मग पुन्हा हलला. "छान झालाय," तो म्हणाला.

आईला वाटलं, थट्टा करतोय.

"मस्त," ताई म्हणाली. "खरंच छान, आई." ती वर पाणी प्यायली.

शेंडेफळाने आईकडे न बघता मान डोलावली. "छान आहे. एक नंबर."

आईच्या हातातली बशी खाली आली. तिने सुनेकडे पाहिलं. ते पहिलं वर्ष सोडलं तर वीसेक वर्षांत या बाईने तिचं कौतुक केलं नव्हतं. मनुकांवरून, सालीवरून, दालचिनीवरून छळलं होतं. आता तीच वाचवेल अशी आशा आईला वाटली, आणि त्या आशेची तिला लाजही वाटली.

वहिनीने तुकडा चावला. सावकाश गिळला.

"छान झालाय, आई," ती म्हणाली.

आईने बशी ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि स्टुलावर बसली.

"तर मग सगळ्यांना कळलंय," ती म्हणाली.

"काय कळलंय?" दादा म्हणाला.

"मला वेडी समजू नका रे. जन्मात कधी तुम्ही माझ्या चाखणीच्या केकला छान म्हणाला नाहीत. तुमचे बाबा इस्पितळात होते तेव्हा तिथे डब्यात नेला होता मी. धड बोलता येत नव्हतं त्यांना. तरी खुणेने सांगितलं, साखर जास्त. आणि आज चौघांच्या चौघांना छान लागतो?"

"आई, तसं नाही..." ताई पुढे झाली.

"तसंच आहे. नाक गेलं माझं, जीभ गेली. डोकं नाही गेलं." तिचा आवाज चढला नव्हता. "वाटलं होतं, जीभ गेली तर गेली, तुमच्या जिभा आहेत ना घरात. चार जिभा आहेत. त्यांच्यावर चालवीन मी. तुम्ही खोटं बोलायला लागलात तर मी कशावर स्वयंपाक करू?"

शेंडेफळाने तोंड फिरवलं. त्याला रडू आवरत नव्हतं आणि ते लपवण्याएवढी जागा त्या स्वयंपाकघरात नव्हती.

"स्वयंपाकाचं राहू दे गं," ताई म्हणाली. "त्या दिवशी तू मेली असतीस! कळतंय का तुला? मी रोज बघते तशा बायका. मी पट्ट्या बांधते त्यांना. मला तुला तसं बघायचं नाहीये. नाताळ झाला की माझ्याकडे चल."

"आणि तिथे काय करू?"

"काही नको करूस. आराम कर."

"त्या दिवशीचं मला माहीत आहे," आई म्हणाली. "बटण कुठे होतं ते पाहिलं मी. हिने खिडक्या उघडल्या तेही पाहिलं. ही बोलली नाही, मीही बोलले नाही. मला वाटलं, ही माझी बाजू घेतेय." ती सुनेकडे वळली. "तू बाजू घेत नव्हतीस ना? तू कीव करत होतीस."

वहिनीला हे थपडेसारखं लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

"हो," ती म्हणाली. "त्या दिवशी कीव आली होती. तिथेच बोलायला हवं होतं मी. चुकलं माझं."

"आणि आत्ता?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. मग बशीतला आणखी एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि या वेळी नीट चावला.

"लवंग फार झालीय," ती म्हणाली. "वास येईपर्यंत घालत गेलात ना तुम्ही? जीभ बधिर होतेय. आणि अक्रोड खवट आहेत. सगळे नसतील, पण निम्मे तरी. हा केक खाण्यासारखा नाही, आई."

"वहिनी!" ताई ओरडली.

पण आई पुढे झुकली होती. तापानंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भूक दिसली. "आणि भाजणी? गोडी?"

"भाजणी नेहमीसारखी. गोडी बरोबर आहे. ओलावाही बरोबर."

"म्हणजे हात ठीक आहेत."

"हात ठीक आहेत. नाकाची कामं बिघडलीत."

बाहेरच्या रस्त्यावरून गाणाऱ्या मुलांचा घोळका गेला. मग तिने ओट्यावरचा लायटर उचलला आणि सुनेच्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव. कामावर जाताना बरोबर नेत जा. घरात कुणी नसताना मी शेगडी पेटवणार नाही. काडेपेट्याही उचल. ताईचं भय खोटं नाही, मला कळतं ते. पण कुणी घरात असेल तेव्हा स्वयंपाक मीच करणार. तू चाखायचं आणि आत्ता बोललीस तसं बोलायचं."

"ठरलं," वहिनी म्हणाली.

दादाने सुटकेचा श्वास टाकला. "गॅसची गळती झाली की वाजणारं यंत्र मिळतं," तो म्हणाला. "उद्याच बसवतो. आधीच सुचायला हवं होतं मला. लोकांच्या लिफ्टमध्ये घंटा बसवत हिंडतो, आणि घरात..."

ताई एकटीच दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सगळे तिच्या मनासारखंच सावध झाले होते, तरी आपण हरलो असं तिला वाटत होतं. "म्हणजे तू येणार नाहीस," ती म्हणाली.

आईने तिला जवळ बोलावलं. लहानपणी केस विंचरायला बसवायची तसं पुढ्यात बसवलं. ताईचे केस आता मागून बरेच पांढरे झाले होते, आणि ते आईला आज एवढ्या जवळून दिसले.

"येईन ना. नाताळ झाल्यावर महिनाभर येईन. दार उघडायला कुणीतरी हवंय तुला, होय ना? वास येत नसला तरी एवढं कळतं मला." ताईचे खांदे हलायला लागले. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "पण पाहुणी म्हणून येईन बाळा. तुझ्या डब्यातलं जे पानात पडेल त्याला छान म्हणेन. इथे मात्र मला घरची राहू दे."

ताईने डोळे पुसले. मग हात लांब करून बशीतला तुकडा घेतला, चावला, आणि या वेळी तोंड वाकडं होऊ दिलं.

"भयंकर आहे गं," ती म्हणाली.

"आता कशी माझी लेक बोलली," आई म्हणाली.

दुपारी उशिरा सगळं पुन्हा मांडलं गेलं. शेंडेफळ दुकानातून ताजे अक्रोड घेऊन आला. वहिनीने एकेक फोडून हुंगला, मग आईने चिरला. लवंगेची पूड आईने चमच्यात घेतली, वहिनी "बास" म्हणाली तेव्हा थांबली. ताई लोणी फेटत होती आणि चुकीच्या बाजूने फेटते म्हणून बोलणी खात होती. दादा ओट्याखाली आडवा होऊन गॅसची नळी तपासत होता. येणाऱ्या वर्षांत हे घर आणखी काय काय पाहणार होतं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण या दुपारची आठवण प्रत्येकाने आपापल्या परीने जपली.

मिश्रण तयार झालं. आईने लाकडी चमच्याच्या टोकावर थोडंसं घेऊन सुनेच्या तोंडासमोर धरलं.

वहिनीने चाखलं. डोळे मिटले. छापखान्यात शेवटचं मुद्रित वाचताना ती अशीच गप्प व्हायची.

"मीठ," ती म्हणाली. "चिमूटभर कमी आहे."

सगळे थांबले. आता आई चमचा स्वतःच्या तोंडात घालणार, डोळे मिटून चघळणार आणि म्हणणार, मला तर नाही बाई तसं लागत. इतकी वर्षं तिने सुनेचा शब्द स्वतः चाखून पाहिल्याशिवाय कधी मान्य केला नव्हता.

आईने चमचा बाजूला ठेवला. बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि न चाखता भांड्यात टाकलं.